खांबाखांबावर एव्लोगी

एव्लोगी मांचेवनं गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून स्वतःच्याच मरणाची पत्रकं छापली आणि गावभर चिकटवली, अशी आमच्या त्रोयानमध्ये कुजबुज होती. मी ती निदान तीनदा ऐकली. एकदा औषधांच्या दुकानात, एकदा केस कापायला बसले होते तिथं, आणि एकदा तर सांगणारी मीच होते. बातमीला प्रत्येक जण आपापलं शेपूट जोडत होता. म्हणे, त्यानं दफनभूमीत जागेची चौकशीसुद्धा केली होती. म्हणे, त्याच्या बायकोनं, रोसित्सानं, काळा झगा आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. रोसित्साला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तिनं आजवर स्वतःच्या कुठल्याच झग्याला इस्त्री लावलेली नाही.

माझं छपाईचं दुकान कोर्टासमोर. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, वाइनच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापते. पण दुकान चालतं ते निधनपत्रकांवर. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, चार ओळी आणि भोवती काळी चौकट. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. लग्नं कमी झाली, तरणीताठी माणसं स्पेनला गेली, पण या कामात कधी मंदी आली नाही. खांब, बसथांबा, चर्चचं दार, जिथं बघाल तिथं आमची गेलेली माणसं तुमच्याकडे बघत असतात. कोण गेलं हे कळायला आम्हाला वर्तमानपत्र लागत नाही. पाव आणायला निघालं की पुरे.

आणि एव्लोगीचा धंदा? तो सांगताना माझी आजही दमछाक होते. लोकांच्या वेबसाइट कुठल्या तरी सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर ठेवाव्या लागतात. तो कॉम्प्युटर एव्लोगीचा. त्याला होस्टिंग म्हणतात. पूर्वी तो मोटारींच्या कारखान्यात होता. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा त्यानं औषधांच्या दुकानावरची खोली घेतली, जिन्याखाली पाटी लावली आणि बसला. गावाला चौदा वर्षं कळलं नाही की हा तिथं करतो काय.

"तो कॉम्प्युटर आहे कुठं?" लोक विचारायचे.

"राजधानीत. मोठ्या मशीनघरात कपाट भाड्यानं घेतलंय."

"मग तू इथं काय करतोस?"

"फोन उचलतो."

लोक हसायचे. पण खरं सांगायचं तर त्याचा सगळा धंदा तेवढाच होता. मशीन सगळ्यांकडे सारखीच असतात. मोठ्या कंपनीला फोन लावला की बाई गोड आवाजात सांगते, तुमचा नंबर नववा आहे. एव्लोगीला लावला की दुसऱ्या घंटेला तो स्वतः म्हणतो, "बोल, काय बिघडलं?" तो जेवत असो, दाढी करत असो, नाही तर सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला उभा असो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्याच्याकडे त्र्याऐंशी वेबसाइट होत्या. एवढ्यात कपाटाचं भाडं आणि घरचं पनीर कसंबसं भागायचं. सप्टेंबरात अंगणात हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत असताना रोसित्सानं हातातला चिमटा त्याच्यापुढे धरला. ती शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करते, तेव्हा तिच्या हातातल्या वस्तूला घाबरायचं असतं.

"दिमित्रोव्देनपर्यंत शंभर," ती म्हणाली. "नव्व्याण्णव झाले तरी नाही. शंभर झाले नाहीत तर सगळं त्या मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं आणि आपण स्पेनला, वालेन्सियाला. माझ्या भावानं तिथं संत्र्यांच्या कोठीत तुझी जागा धरून ठेवलीय."

"मी संत्री भरू? पन्नाशीला?"

"संत्री रात्री फोन करत नाहीत."

दिमित्रोव्देन म्हणजे सव्वीस ऑक्टोबर. जुन्या काळी त्या दिवशी गड्यांची वर्षाची बोली संपायची. ज्याला जायचं तो जायचा, राहायचं तो राहायचा. रोसित्सानं दिवस बरोबर निवडला होता. एव्लोगीला गाव सोडायचं नव्हतं. तो वालेन्सियाला एकदा जाऊन आला होता आणि तिथं त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून आठ दिवसांत आजारी पडला होता.

मग तो गिऱ्हाइकांच्या मागे लागला. देवा, ते दिवस!

आधी त्यानं तीन महिने फुकट द्यायचं ठरवलं. फुकट म्हटल्यावर सगळ्यात आधी कोण आलं असेल? गेन्को कुंभार. तसा तो चौदाव्या वर्षीच हुशार झालेला माणूस. एव्लोगीनं पूर्वीही एकदा अशीच सवलत ठेवली होती, तेव्हा गेन्कोनं तीन महिने स्वतःच्या नावावर काढले, तीन बायकोच्या, तीन सासूच्या. सासू त्या वेळी वारलेली होती.

"गेन्को, या खेपेला कुणाच्या नावावर?" एव्लोगीनं विचारलं.

"मुलीच्या."

"तुला मुलगी नाही."

"होईल की. इतकी घाई कशाला करतोस?"

मग त्यानं दुसरी युक्ती काढली: एक गिऱ्हाईक आणा, तुम्हाला एक महिना मोफत. आठवड्यात एकच नवं गिऱ्हाईक आलं, पाहुण्यांना खोल्या देणारी इव्हान्का, आणि तिला मीच आणलं असं सांगायला पाच जण आले. त्यातल्या दोघांचं जिन्यावर भांडण झालं. इव्हान्काला विचारलं तर म्हणाली, "मला कुणी नाही सांगितलं. औषध घ्यायला आले होते, पाटी वाचली." म्हणजे तीस लेवांची ती गंजकी पाटी सगळ्या युक्त्यांपेक्षा शहाणी निघाली.

तिसऱ्या युक्तीत त्याच्या आईनं त्याचा जीव घेतला. त्यानं इंटरनेटवर जाहिरात दिली. कुणी तिच्यावर क्लिक केलं की याच्या खिशातून पैसे जाणार, अशी ती पद्धत. पारास्केवा आजी ऐंशीला टेकलेल्या, पण नातवानं दिलेला टॅब झकास चालवतात. रोज सकाळी कॉफी झाली की त्या देवापुढे मेणबत्ती लावायच्या आणि लेकाच्या जाहिरातीवर चाळीस वेळा क्लिक करायच्या. जपमाळ ओढावी तसं. चौथ्या दिवशी महिन्याचे पैसे संपले तेव्हा एव्लोगीला कळलं.

"आई, प्रत्येक क्लिकला माझे पैसे जातात!"

"मग लोकांना कशाला सांगतोस क्लिक करायला?"

"लोकांनी करायचं! तू नाही!"

"वा रे वा. परक्यांनी केलं तर चालतं, आईनं केलं तर महाग."

नंतर आलुबुखाऱ्यांच्या उत्सवात त्यानं तीन दिवस टेबल मांडलं. एकशे चाळीस माणसं थांबली आणि सगळ्यांनी विचारलं ते एकच, मुरंबा केवढ्याला? शेवटी वैतागून तो शेजारच्या बाईचा मुरंबाच विकायला लागला, आणि तो मात्र सगळा खपला.

ऑक्टोबर लागला तेव्हा आकडा शहाऐंशीवर होता. रोसित्सानं माळ्यावरून सूटकेस काढून बैठकीच्या खोलीत उभी करून ठेवली होती. येता-जाता तिला ठेचकाळून वैतागलेला तो माझ्या दुकानात आला.

"नेदा मावशी, पत्रकं छाप. साठ. खांबांवर लावायची."

"आण, बघू."

त्यानं मधोमध स्वतःचा फोटो घातला होता. पांढरा शर्ट, टाय, ओठ मिटलेले. खाली मोठ्या अक्षरात नाव. त्याखाली: 'चौदा वर्षं दिवसरात्र तुमच्या पाठीशी. त्याच्यावर सोपवा, निश्चिंत राहा.' आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: वेबसाइट होस्टिंग, फोन नंबर, दुसरीकडून हलवण्याचा खर्च आमच्याकडे.

"हसरा फोटो नाही का तुझा?" मी विचारलं.

"मावशी, हसणारा माणूस मशीन सांभाळेल असं वाटतं का तुला?"

वाटत नाही, हे मला मान्य करावं लागलं. उद्या मी राजधानीला जातोय, तो म्हणाला, एक डिस्क गेलीय ती बदलायला. तेवढ्यात तुझ्या दाकोला सांगून चिकटवून टाक. दाको म्हणजे माझी सगळी पत्रकं चिकटवणारा म्हातारा. पिठाची खळ, बादली, कुंचा आणि चष्मा नाही. वीस वर्षं तो हेच काम करतोय. पत्रक हातात आलं की फोटो बघतो, "देव क्षमा करो" म्हणतो आणि चालू लागतो. त्याचा क्रम ठरलेला: पहिलं त्या माणसाच्या घराच्या फाटकावर, दुसरं चर्चच्या दारावर, तिसरं कामाच्या जागी, मग बसथांबा आणि खांब. वाचायची त्याला कधी गरज पडली नाही. फोटोत कोण आहे हे त्याला माहीत असतं. सगळ्यांना त्यानं लहानपणापासून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी एव्लोगी सकाळी सहाच्या बसनं गेला. दाको सात वाजता निघाला. नऊ वाजेपर्यंत साठ ठिकाणी एव्लोगी होता, भोवती बोटभर रुंदीची काळी चौकट.

चौकट, फोटो, नाव. आमच्यात त्यापुढे कोण वाचतो? आणि वाचलं तरी काय होतं? चौदा वर्षं दिवसरात्र तुमच्या पाठीशी! बसथांब्यावरच्या बायका डोळे पुसायला लागल्या.

शाळेचा शिपाई टोपी हातात घेऊन भटारखान्यात शिरला तेव्हा रोसित्सा शंभर पोरांचं बीन्सचं सूप ढवळत होती.

"रोसित्सा ताई, धीर धर. तुझा एव्लोगी..."

"काय केलंन आता?"

"गेला."

"राजधानीला गेलाय, माहितीये मला."

"तसा नाही. पत्रक लागलंय."

तिनं पळी खाली ठेवली. मग बसली. मग उठली. पुढचं तिनं मला स्वतः सांगितलंय. "सहाच्या बसला निघताना मी त्याला दोन अंडी उकडून दिली," ती म्हणाली, "आणि साडेनऊला हा सांगतो पत्रक लागलंय. म्हणजे साडेतीन तासांत हा मेला, कुणी तरी फोटो निवडला, छापला, वाळवला आणि चिकटवलासुद्धा? अगं, आमच्या नगरपालिकेत बल्ब बदलायला तीन आठवडे लागतात!" एवढा विचार करूनही तिनं सूप तसंच चुलीवर सोडलं. ती घरी धावली. फाटकावरचं पत्रक तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. गावात तसं करणारी ती एकटीच. एव्लोगीचा फोन बंद. मशीनघरात फोन नेऊ देत नाहीत. तिनं मशीनघराच्या ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "आहे की. आत बसून डिस्कला शिव्या घालतोय. बोलवू?"

"नको," ती म्हणाली. "घालू दे."

पण तोवर अंगण भरलं होतं. बायका मयताच्या नावानं वाटतात तो साखर घातलेला शिजवलेला गहू घेऊन आल्या होत्या. फुलं सगळ्यांकडे सम संख्येत, गेलेल्यासाठी आणतात तशी. इव्हान्कानं दहा आणली होती. रोसित्सा पायरीवर उभी राहून ओरडली, "अहो, तो जिवंत आहे!"

शेजारची मारीका तिला जवळ घेऊन म्हणाली, "हो गं बाई. आपल्या सगळ्यांच्यात तो जिवंतच राहील."

"मारीका, तो राजधानीत आहे!"

"जिथं असेल तिथं सुखात असो."

सांगा आता, काय करायचं अशा बाईचं? रोसित्सानं चार वेळा सांगितलं. चारही वेळा कुणी तरी तिला पाणी दिलं. दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय, अशी कुजबुज फाटकापर्यंत गेली. मग तिची नजर सासूकडे गेली. पारास्केवा आजींना तिनं सगळ्यात आधी कानात खरं काय ते सांगितलं होतं. तरी आजी द्राक्षवेलीखाली खुर्चीत बसून एकेकाचे हात हातात घेत होत्या आणि मान डोलवत होत्या. काळे कपडे त्या तशाही बावीस वर्षं घालतातच.

"आई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

"बोलू दे गं," आजी हळूच म्हणाल्या. "जिवंतपणी कुणी बोललं का त्याच्याबद्दल एवढं?"

मी तिथंच होते. साठ पत्रकं माझ्याकडून गेली होती, येणं भाग होतं. तर लोक बोलत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, पण त्या दिवशी कुणाला काही बनवून सांगावं लागत नव्हतं. इव्हान्का सांगत होती, गेल्याच रविवारी तिच्या खोल्यांचं बुकिंग बंद पडलं. एव्लोगी कोकराचं भरलं ताट सोडून उठला आणि अर्ध्या तासानं फोन करून म्हणाला, झालं, आता तूही जेव. खाटकाला म्हणे त्यानं तेच ते काम सहा वेळा शिकवलं, आवाज न चढवता. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण रडत होतं? गेन्को कुंभार.

"मला कधी नाही म्हणाला नाही हो," तो हुंदके देत होता. "मेलेल्या सासूच्या नावावरही सवलत दिली होती त्यानं."

एका कोपऱ्यात दातांचे डॉक्टर पेन्चेव उभे होते. एव्लोगी त्यांच्याकडे तीनदा गेला होता, तीनदा त्यांनी हात हलवून परत पाठवलं होतं. ते फक्त ऐकत होते.

संध्याकाळच्या बसनं एव्लोगी उतरला. कोपऱ्यावरून वळला तर फाटकात माणसं, अंगणात माणसं, टोप्या काढलेल्या. त्याच्या मनात एकच आलं. हातातली पिशवी टाकून तो "आई! आई गं!" करत धावत सुटला. लोकांनी वाट करून दिली. निम्म्यांनी क्रूसाची खूण केली. मारीका मटकन बसली. आई वेलीखाली धडधाकट बघितली तेव्हा तो तिच्यापुढे जमिनीवरच बसला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला. मग मान वर करून म्हणाला, "मग गेलं कोण?"

"तू," गेन्को म्हणाला.

पत्रक त्याच्या हातात देण्यात आलं. तो ते बघत राहिला. मी गव्हाच्या वाटीकडे बघत राहिले.

लोकांना आनंद झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या गावात राहिलेले नाहीत. गहू घरी परत न्यायचा नसतो. आणलेल्या राकियाच्या, म्हणजे आमच्या घरगुती दारूच्या, बाटल्या उघडून झाल्या होत्या. खाटकानं दुकान बंद ठेवलं होतं. "असं करायचं नसतं, एव्लोगी," मारीका त्याला खडसावून म्हणाली. "आमचं काळीज म्हणजे काय खेळणं आहे?"

"मावशी, मी काही केलं नाही!"

"फोटो कुणाचा? नंबर कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट झालं. बातमी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांपर्यंत गेली होती, आणि त्या मोठ्या कंपनीचा माणूस एकेकाला फोन करून सांगत होता, तुमचा माणूस वारला, तुमची साइट आता वाऱ्यावर आहे, आमच्याकडे या. दोन दिवसांत बारा गेली. शहाऐंशीची चौऱ्याहत्तर झाली. एव्लोगी फोनला चिकटून बसला होता.

"मी एव्लोगी मांचेव बोलतोय."

"कोण एव्लोगी? तो गेला."

"मीच तो."

"तसं कशावरून?"

"अहो, आवाज ओळखा माझा!"

"आवाज तर त्याच्यासारखाच आहे. भाऊ का तुम्ही?"

तो फोन ठेवून तडक माझ्याकडे आला. इतका लाल की मी आधी पाणी पुढे केलं.

"मावशी, ही चौकट अशी कशी आली?"

"मशीनमधून आली तशी दिली बाबा. फाईल तुझी, फोटो तुझा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर, कोर्टाच्या खांबावर, तोच होता. "कॉफी घेतोस?" मी विचारलं. कॉफी न घेता तो गेला आणि स्वतःच्या नखांनी पत्रकं खरवडायला लागला. दाकोची खळ पक्की. वादळातसुद्धा सुटत नाही. त्याला खांबाशी झटताना बघून लोक म्हणायचे, बघा बिचारा, स्वतःलाच काढतोय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पेन्चेव जिना चढून आले.

"माझी वेबसाइट तुझ्याकडे ठेवायचीय."

"का? मी मेलो म्हणून?" एव्लोगी आता कुणाशी सरळ बोलतच नव्हता.

"माझा माणूस तीन आठवडे फोन घेत नाहीये. तू कोकराचं ताट सोडून उठतोस म्हणे."

"हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं! तीनदा! तुमच्या खुर्चीत बसून!"

"तू सांगितलं होतंस," डॉक्टर म्हणाले. "इव्हान्कानं नव्हतं सांगितलं."

एव्लोगीनं डोकं टेबलावर टेकवलं. महिनाभर हा माणूस सवलती, जाहिराती, मुरंब्याशेजारचं टेबल करत फिरला, आणि गिऱ्हाईक फिरलं ते कशानं, तर अंगणातल्या दोन तासांच्या गप्पांनी. त्या गप्पा त्याला कुठल्याही भावात विकत मिळाल्या नसत्या, आणि तो तिथं असता तर कुणी केल्याही नसत्या.

डॉक्टरांमागून त्यांचे दोन मित्र आले. अंगणात गहू खाल्लेला एक गवळी आला. गेन्को कुंभार आला, पण एकटा नाही: कुंभारांच्या संघाच्या सगळ्यांना घेऊन आला. एका फटक्यात सतरा वेबसाइट, आणि सतराही पैसे देऊन. "मी रडलोय तुझ्यासाठी," गेन्को म्हणाला, "आता फुकट मागितलं तर चांगलं दिसत नाही." शवपेट्या विकणारी तोत्का आली आणि म्हणाली, "तुला आमच्या धंद्यातलं कळतं." त्यानं तिला जवळजवळ हाकललंच होतं, रोसित्सानं जिन्यातून परत आणलं. पळालेल्या बारांपैकी पाच जण त्या गोड आवाजाच्या बाईला कंटाळून परत आले.

पण सुख त्याच्या नशिबात नव्हतं. नवा येणारा प्रत्येक जण सही करताना डोळा मारायचा. "काय डोकं चालवलंस, लेका!" तो ओरडायचा, "मी नाही केलं!" ते म्हणायचे, "बरोबर आहे, असंच म्हणत राहा." तो जितका नाकारी तितका लोकांचा त्याच्या हुशारीवर विश्वास बसे. राजधानीतून तीन तरुणांनी फोन करून विचारलं की ही मोहीम आखायला किती वेळ लागला आणि त्यांच्यासाठी तो अशीच करून देईल का. रोसित्सा म्हणते, इतक्या वर्षांत त्यानं आपटलेला तेवढा एकच फोन.

दिमित्रोव्देनच्या सकाळी ती त्याच्या खोलीवर गेली. आजीही गेल्या, आणि गोष्ट कुणी तरी नीट सांगायला हवी म्हणून मीही गेले. रोसित्सानं पडद्यावर बोट ठेवून एकेक मोजलं. एकदा मोजलं, मग खालून वर मोजलं. एकशे एक.

एव्लोगी खिडकीपाशी तोंड फिरवून उभा होता, कानांच्या पाळ्या लाल.

"भावाला काय सांगू?" रोसित्सा म्हणाली.

"सांग, नाही येत."

"तो विचारेल का."

"सांग, काम आहे."

"मला तिकडे समुद्र मिळणार होता," ती म्हणाली. "तुझ्या मरणानं तोही गेला." मग तिनं बाह्या वर केल्या आणि त्याच्या टेबलावरची पंधरा दिवसांचे कप गोळा करायला लागली. त्याच वेळी फोन वाजला आणि दुसऱ्या घंटेला एव्लोगीनं तो उचलला.

"बोल, गेन्को. काय बिघडलं?"

सूटकेस त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली. तो अजून इथंच आहे, औषधांच्या दुकानावर, आणि अजून वैतागलेलाच आहे. कुजबुजही अजून आहे.

खरं काय ते सांगून टाकते. एव्लोगीनं दिलेल्या पत्रकावरची चौकट निळी होती. माझ्या मशीनमधली रंगीत शाई संपली होती आणि नवी आणायला जायचा मला कंटाळा आला होता. मी साठही पत्रकं काळ्या शाईत छापली आणि दाकोला काहीही न सांगता दिली.